सायगॉन पाहिलेला माणूस

दत्तात्रयराव सायगॉनला जाऊन आले आहेत हे पुण्यात त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघात ज्याला माहीत नाही, तो एकतर नवा सभासद असतो किंवा त्याचं श्रवणयंत्र बिघडलेलं असतं. संघाच्या मासिक सभेत त्यांनी ‘सायगॉन : एक स्वैर भटकंती’ या विषयावर व्याख्यानही दिलं होतं. व्याख्यान रंगलं. “दत्तात्रयरावांनी आज आपल्याला बसल्या जागी सायगॉन दाखवलं,” असं अध्यक्ष आभार मानताना म्हणाले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या मालिनीबाईंना एकाएकी खोकल्याची उबळ आली. नवऱ्याच्या व्याख्यानात त्यांना ती येतेच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

जर्मनीत, बॉबलिंगेनला, मात्र ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. लेकीकडे येऊन महिना होत आला तरी विषय काढायला जागा मिळेना. इथली माणसं जिन्यात भेटली की ‘हालो’ म्हणत आणि खाली पोचली की ‘च्यूस’ म्हणत. मधल्या दोन मजल्यांत सायगॉन बसवणं दत्तात्रयरावांसारख्या कसलेल्या वक्त्यालाही जमेना.

शिवाय घरातली हवा प्रवासवर्णनाची नव्हती. लेक ज्ञानदा आणि जावई प्रणव ज्या घरात भाड्याने राहत होते, त्या घराच्या मालकाने आपल्या मुलाचं लग्न ठरलं असून त्याला ही जागा लागणार आहे, तेव्हा सप्टेंबरअखेर ती रिकामी करावी, असं कळवलं होतं.

“म्हणजे सोडायचीच?” दत्तात्रयरावांनी विचारलं.

“सोडायचीच, बाबा. आयगनबेडार्फ आहे. मालकाला स्वतःच्या माणसासाठी जागा हवी असली की भाडेकरूने जायचं.”

“आणि तुम्ही जाणार?”

“मग काय करणार?”

“अगं, आपल्या आळीत याच मुद्द्यावर देवधरांची केस त्यांच्या आजोबांपासून चालू आहे. ज्या मुलाच्या लग्नासाठी मालकाला जागा हवी होती, तो मुलगा परवा निवृत्त झाला. निरोप समारंभाला देवधर होते पहिल्या रांगेत.”

 ज्ञानदाची काळजी वेगळी होती. नात ओवी सप्टेंबरात पहिलीत जाणार होती. शाळा ठरलेली, शाळेतल्या मैत्रिणीही ठरलेल्या. याच भागात घर मिळालं तर ठीक. नाही तर कुठल्या तरी लांबच्या गावी जाऊन सगळं नव्याने. आणि याच भागात घर मिळवणं म्हणजे काय, हे प्रणव रोज रात्री जेवताना सांगत असे. कुणाला त्याचा पगार आवडायचा पण कुटुंब आवडायचं नाही, कुणाला कुटुंब आवडायचं पण ते आत राहणार ही कल्पना आवडायची नाही.

अशात फ्राउ आयझेले यांची जागा निघाली. तिसरा मजला, तीन खोल्या, बाल्कनी, ओवीची शाळा अगदी कोपऱ्यावर. मालकीणबाई स्वतः पहिल्या मजल्यावर राहायच्या. जागा पाहायला आलेल्यांची रांग जिन्यातून उतरून फुटपाथवर आली होती. “माझी अर्धी टीम उभी आहे इथे,” प्रणव हळूच म्हणाला आणि मान दुसरीकडे वळवून उभा राहिला. टीमनेही माना वळवल्याच होत्या.

आजी-आजोबा बरोबर असले की कुटुंब स्थिर दिसतं, असा प्रणवचा हिशेब होता. त्यामुळे दत्तात्रयराव कोट घालून आणि मालिनीबाई काठापदराची साडी नेसून रांगेत स्थिर दिसत उभे होते. रांग फ्राउ आयझेले यांच्या उघड्या दारावरून वर जात होती. त्या दारातून आतली भिंत दिसायची, आणि भिंतीवर एकच मोठा फोटो होता. चिंचोळा रस्ता, वर तारांचं जाळं, खाली स्कूटर्सचा लोंढा.

“सायगॉन!” दत्तात्रयराव एवढ्या मोठ्याने म्हणाले की रांग दचकली. ओळखण्यात फार कसब नव्हतं; फोटोखाली तसं लिहिलं होतं. पण महिनाभर कोंडलेला माणूस होता तो. फ्राउ आयझेले दारात येऊन उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, उंच, पांढरे केस बारीक कापलेले, अंगावरच्या कामाच्या एप्रनलाही इस्त्री.

“तुम्हाला ते शहर माहीत आहे?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“मॅडम,” दत्तात्रयराव म्हणाले, “मी ते शहर एक्सप्लोअर केलं आहे.”

फ्राउ आयझेले यांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग प्रणवकडे, ज्ञानदाकडे, ओवीकडे, आणि शेवटी मालिनीबाईंकडे. मालिनीबाई खोकत होत्या. बाकीच्या उमेदवारांना त्यांनी हस्तांदोलन करून वाटेला लावलं. या पाच जणांना मात्र म्हणाल्या, “शनिवारी तीन वाजता कॉफीला या. मला सायगॉनबद्दल ऐकायचं आहे.”

घरी आल्यावर प्रणवने सासऱ्यांचे दोन्ही हात हातात घेतले. लग्नातही घेतले नव्हते.

“बाबा, मानलं तुम्हाला. कॉफी म्हणजे ऐंशी टक्के काम झालं. त्यांचा नवरा इंजिनिअर होता, वारला बिचारा. खालच्या मजल्यावरचे सांगत होते, ती दोघं सायगॉनला राहिली आहेत. किती प्रेम असेल बघा त्या शहरावर! सगळ्या भिंतीवर तेवढा एकच फोटो.”

“असतंच. ते शहर लळा लावतं.”

“बाबा,” ज्ञानदा म्हणाली, “तुम्ही तिथे नक्की काय काय पाहिलंत?”

“काय काय म्हणजे? सायगॉन.”

“हो, पण त्यात काय?”

“आता तुला एकेक वीट सांगू का?”

मालिनीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “अहो, सांगून टाकू का?”

मग जे सांगितलं गेलं ते असं. दत्तात्रयराव आणि मालिनीबाई ‘निश्चिंत पर्यटन’ या कंपनीबरोबर व्हिएतनामला गेले होते. निश्चिंत पर्यटन आपल्या प्रवाशांना परदेशाचा कसलाही त्रास होऊ देत नाही, अशी तिची ख्याती आहे. बरोबर पुण्याचे आचारी असतात, आचाऱ्यांबरोबर कुकर असतात आणि हॉटेलच्या मागच्या अंगाला एक खोली असते. सायगॉनमध्ये उतरल्यावर पहिल्यांदा गरम हवेचा जो लोट अंगावर आला, तो विमानतळाच्या दारापासून बसच्या दारापर्यंत. मग काचा बंद, एसी चालू आणि टूर मॅनेजर नागेशच्या गळ्यात शिट्टी. शहर काचेपलीकडून गेलं. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. आतमध्ये चिवडा फिरत होता आणि मागच्या सीटवरच्या जोशीकाकू अंताक्षरीत ‘ळ’ आला म्हणून भांडत होत्या. पोस्टाची प्रसिद्ध इमारत आली तेव्हा सगळे फोटो काढायला उतरले. पण त्याच वेळी पिठलं-भात आल्याची बातमी आली, त्यामुळे फोटोत सगळ्यांची तोंडं बसकडे आहेत. बाजाराचा कार्यक्रम होता, तो ऊन फार म्हणून रद्द झाला. कुणी हरकत घेतली नाही. उलट नागेशला टाळ्या मिळाल्या.

“आणि एकादशी होती त्या दिवशी खिचडी,” मालिनीबाई म्हणाल्या. “काय मऊ झाली होती! सायगॉनचं मला एवढंच आठवतं बाई.”

“म्हणजे तुम्ही शहरात पायच ठेवला नाहीत?” प्रणवचा आवाज बारीक झाला.

“ठेवला. पोस्टासमोर,” दत्तात्रयराव म्हणाले. “दोन्ही ठेवले.”

“ओपा हाट गेलोगन,” ओवी टेबलाखालून म्हणाली. आजोबा खोटं बोलले, असा त्याचा अर्थ. ओवीला मराठी सगळं कळत असे, पण उत्तर मात्र ती जर्मनमध्ये द्यायची; त्यामुळे घरातली बरीच सत्यं परक्या भाषेत यायची आणि म्हणून खपून जायची.

प्रणव सॉफ्टवेअरमधला माणूस. त्याने हातपाय गाळले नाहीत. त्याने सायगॉनवर स्लाइड्स केल्या. बाजारांची नावं, पेयांची नावं, रस्त्यांची नावं, उन्हाळ्यातलं तापमान. शुक्रवारपर्यंत तो ऑफिसातून आला की सासऱ्यांची तोंडी परीक्षा घ्यायचा.

“बाबा, सकाळी लोक काय पितात?”

“चहा.”

“बाबा!”

“बरं, कॉफी. बर्फ घालून, खाली घट्ट दूध. कसं पितात कोण जाणे.”

“कोण जाणे नाही म्हणायचं. तुम्ही प्यायला आहात.”

“प्यायलो आहे. ओठांना गार लागलं. पुढे?”

शनिवारी तीनचं बोलावणं म्हणून पाचही जण बरेच आधी येऊन कोपऱ्यावरच्या झाडाखाली उभे राहिले आणि बरोबर तीनच्या ठोक्याला त्यांनी घंटी वाजवली. फ्राउ आयझेले यांनी आधी घड्याळाकडे आणि मग पाहुण्यांकडे पाहिलं. दोन्ही जुळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. टेबलावर सफरचंदाचा केक होता, कपाखाली बशी, बशीखाली कागदी नॅपकिन, नॅपकिनखाली टेबलक्लॉथ आणि त्याखाली टेबलक्लॉथ खराब होऊ नये म्हणून आणखी काहीतरी. खिडकी उघडी होती, पण बाहेरून आवाज म्हणून येत नव्हता. चिमण्यासुद्धा एकामागून एक, पाळी लावल्यासारख्या बोलत होत्या.

“तर सांगा,” फ्राउ आयझेले म्हणाल्या. “सायगॉन.”

दत्तात्रयरावांनी घसा साफ केला. “सायगॉन हे दक्षिण व्हिएतनाममधलं सर्वांत मोठं शहर असून—”

“ते मला माहीत आहे. रस्त्यावरून सांगा. तुम्ही बाहेर पडलात, आणि काय?”

बाहेर पडलात, आणि काय. स्लाइडमध्ये बाहेर पडणं नव्हतं. दत्तात्रयरावांनी प्रणवकडे पाहिलं. प्रणव केकच्या तुकड्यात काहीतरी शोधत होता. त्यांनी डोळे मिटले. बसची काच आठवून पाहिली. काचेत जोशीकाकू दिसल्या. मग माणूस बुडताना जे हाताला लागेल ते धरतो तसं त्यांनी एकच रस्ता धरला, जो डोळे मिटूनही त्यांच्या पायाखाली असतो. ते स्वतःच्या घरातून निघून तुळशीबागेकडे चालू लागले.

“बाहेर पडलो,” ते म्हणाले, “तर पहिली गोष्ट ऊन. डोक्यावर नाही पडत ते, खालून वर येतं, चपलेतून. फुटपाथ आहे, पण तो चालायला नाही. त्यावर एक बाई हेअरपिना घेऊन बसली आहे, तिच्या शेजारी चाळण्या, त्यांच्या शेजारी चार्जर. मधून चालायचं तर एक पाय चाळण्यांत, एक चार्जरमध्ये. म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. रस्त्यावर स्कूटर्स. मॅडम, किती म्हणून सांगू! एका स्कूटरवर नवरा, बायको, दोन पोरं आणि मधे आडवं धरलेलं कपाट.”

“कपाट!” फ्राउ आयझेले यांनी कप खाली ठेवला. “गेनाऊ! अगदी असंच! आमच्या समोरून फ्रीज गेला होता.”

“फ्रीज रोज जातो,” दत्तात्रयराव म्हणाले. आता त्यांना सूर सापडला होता. “आणि रस्त्यावर गर्दी झाली की स्कूटर काय करते?”

“फुटपाथवर येते!”

“येते, आणि वर आपल्यालाच हॉर्न मारते! की तुम्ही फुटपाथवर काय करताय? मग कोपऱ्यावर उसाचा रस. चरकाला घुंगरू. त्यावर माशी, ती धरून ग्लासात. पुढे झाडाखाली न्हावी.”

“झाडाला आरसा टांगलेला!”

“खिळा मारून. गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला फेस, आणि न्हावी मध्येच थांबून कुणालातरी पत्ता सांगतोय. त्या पत्ता सांगण्यात आणखी चार जण. त्यातल्या एकालाही पत्ता माहीत नाही, पण सगळे सांगतायत.”

फ्राउ आयझेले यांचे डोळे मोठे झाले होते. त्या पुढे झुकल्या होत्या. दुकानाबाहेर लाउडस्पीकर लावतात का? लावतात, आणि समोरचा त्याहून मोठा लावतो. तळणाचा वास? सकाळपासून. वरच्या तारा? एवढ्या की कावळ्यालाही कुठल्या तारेवर बसायचं ते आठवून बसावं लागतं. प्रणव आता सासऱ्यांकडे देवाकडे पाहावं तसं पाहत होता. मालिनीबाईंना मात्र तिसऱ्या वाक्याला कळलं होतं की आपण कुठे आहोत. न्हाव्यापाशी तर त्या जवळजवळ म्हणणार होत्या की अहो, तिथून डावीकडे वळा, मला वाती घ्यायच्या आहेत.

“आणि तुम्हाला,” फ्राउ आयझेले यांनी हळू आवाजात विचारलं, “या सगळ्याचा त्रास नाही झाला?”

“त्रास?” दत्तात्रयराव खुर्चीत मागे रेलले. “मॅडम, मी तिथे रमलो! आवाज आहे म्हणजे माणसं जिवंत आहेत. सगळे एकमेकांच्या अंगावरून चाललेत, एकमेकांच्या भांडणात पडतायत, याला म्हणतात जगणं. तुमच्या इथली ही शांतता... चांगली आहे, पण माणसाला वाटतं, कुणी आजारी आहे का घरात?”

टेबलाखाली ज्ञानदाने वडिलांच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

फ्राउ आयझेले उठल्या. जाऊन त्यांनी खिडकी लावली. खिडकी तीन काचांची होती. ती लागल्यावर चिमण्यांचीही पाळी संपली.

“राइनरही अगदी असंच म्हणायचा,” त्या म्हणाल्या. “माझा नवरा. आवाज म्हणजे जगणं. तो तिथे चार वर्षं राहिला. मी पहिल्याच पावसाळ्याच्या आत परत आले. मला झोप यायची नाही. रस्ता ओलांडता यायचा नाही. बाजारात जायचं म्हणून निघायचे आणि कोपऱ्यावर उभी राहून घरी यायचे. परत आल्यावर मी सगळ्या घराच्या खिडक्या बदलून घेतल्या.”

“पण मग तो फोटो?” प्रणवने विचारलं.

“राइनरने लावला. नको तिथे भोक पाडलं भिंतीला. फोटो काढला तर भोक दिसेल.”

 ओवीने केक संपवला आणि ती बोटं चाटू लागली. तेवढाच काय तो आवाज.

“माफ करा, मी मुद्दामच तुम्हाला बोलावलं,” फ्राउ आयझेले म्हणाल्या. “वर कोण राहायला येणार ते पाहायला नको? जिन्यात तुम्ही त्या फोटोकडे इतक्या आनंदाने पाहत होता, मला काळजी वाटली. तुम्ही सगळी चांगली माणसं आहात. पण आणखी एक कुटुंब येऊन गेलं. गृहस्थ करसल्लागार आहेत. दरवर्षी त्याच तळ्याकाठी, त्याच घरी, त्याच खोलीत सुट्टीला जातात.”

त्या खोलीबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात जो ओलावा आला, तो सायगॉनबद्दल एकदाही आला नव्हता.

ज्ञानदाने पर्स उचलली. चेहरा हसरा होता, पण दत्तात्रयरावांना लेकीचा हसरा चेहरा लहानपणापासून पाठ होता. पाचवीत स्कॉलरशिपमध्ये नाव नव्हतं तेव्हाही तो असाच होता. सप्टेंबर, शाळा, लांबचं गाव, सगळं त्या हसण्यात होतं. आता त्यांच्यापुढे एकच वाट होती, आणि ती त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एकूण स्थानाला धरून नव्हती.

“मॅडम,” ते म्हणाले, “मी सायगॉन पाहिलेलं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे गेलो होतो. पण बसमध्ये होतो.”

“बसमध्ये?”

“काचा बंद. एसी. आम्ही सगळे आपापल्या सीटवर.”

फ्राउ आयझेले पुन्हा बसल्या. “बाजारात गेला नाहीत?”

“ऊन होतं. रद्द केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“तिथलं जेवण?”

“आचारी बरोबर होता. डाळ, भात. मऊ.”

“रस्त्यावरचं काहीच नाही?”

“पाणीसुद्धा नाही. मी माझा चमचाही घरून नेला होता.”

फ्राउ आयझेले यांनी मालिनीबाईंकडे पाहिलं. मालिनीबाईंना इंग्रजी बोलण्याचा संकोच होता, पण नवऱ्याविरुद्ध साक्ष देताना भाषा आड येत नाही. “ट्रू,” त्या म्हणाल्या. “ही सॉ नथिंग.”

“आणि वेळा पाळत होता?”

“आठची बस,” दत्तात्रयराव म्हणाले. “साडेसातला बसून असायचो. नागेशची शिट्टी वाजली की उतरायचं, वाजली की चढायचं.”

“शिट्टी!” फ्राउ आयझेले यांच्या तोंडून शब्द निघाला, तो अशा सुरात, की राइनरला कुणीतरी वेळेवर शिट्टी द्यायला हवी होती. “आणि दुपारी?”

“दुपारी काय! एक ते चार सगळी बस झोपलेली. ड्रायव्हरलाही बजावलं होतं, या वेळेत हॉर्न नाही, माहिती सांगणं नाही. कुणाचा मोबाइल वाजला तर जोशीकाकू सबंध संध्याकाळ त्याच्याशी बोलायच्या नाहीत.”

“मिटाग्सरूहे,” फ्राउ आयझेले म्हणाल्या.

“हो बाबा, दुपारची शांतता पाळतात इथे. कायद्यासारखी,” ज्ञानदा घाईघाईने पुटपुटली.

“कायदा कशाला हवा त्याला?” दत्तात्रयरावांना मनापासून नवल वाटलं.

फ्राउ आयझेले यांनी त्यांच्या बशीत न विचारता केकचा दुसरा तुकडा ठेवला. मग हात तसाच हवेत ठेवून म्हणाल्या, “पण मग तो न्हावी? आरसा? कपाट? ते तुम्ही पाहिलं आहे. असं खोटं सांगता येत नाही.”

दत्तात्रयरावांनी हातातला काटा बशीत ठेवला.

“ते आमचं गाव आहे. पुणे.”

“तुम्ही तिथे राहता?”

“जन्मापासून.”

खोलीतली हवा पुन्हा बदलली. फ्राउ आयझेले यांची नजर हळूहळू ज्ञानदाकडे गेली, प्रणवकडे गेली, जणू हे दोघे आत्ता केक बाजूला सारून टेबलावर चाळण्या मांडतील. दत्तात्रयरावांना ती नजर कळली. आणि काय बोलायला लागणार आहे, तेही कळलं. वर्षानुवर्षं पुण्याबद्दल बाहेरच्या माणसाने ब्र काढला की त्याला नामोहरम करून घरी पाठवणारे ते गृहस्थ होते. मुंबईचे व्याही तर लग्नानंतर पुण्याचा उल्लेख ‘हवा बरी आहे’ यापलीकडे करत नसत.

“म्हणूनच तर ही मुलं इकडे आली,” दत्तात्रयराव म्हणाले. आवाज त्यांनाच ओळखू येईना. “तुम्ही सायगॉनहून आलात, तशीच ती पुण्याहून आली. त्यांना तो आवाज सहन होत नाही. गर्दी सहन होत नाही. तिथे... तिथे राहण्यासारखं काय आहे?”

प्रणव मान खाली घालून बसला. ज्ञानदाने वडिलांकडे पाहिलं, कारण हे वाक्य तिने दहा वर्षांपूर्वी विमानतळावर निघताना म्हटलं होतं, आणि त्यावर बाबा आठवडाभर फोनवर आले नव्हते.

“गेनाऊ,” फ्राउ आयझेले हलकेच म्हणाल्या. “गेनाऊ.” मग त्या उठल्या, कपाटातून एक लाकडी पाटी काढली आणि ज्ञानदापुढे ठेवली. ज्याची जिना झाडायची पाळी असेल त्याच्या दाराला ती आठवडाभर लटकते. केअरवोखे म्हणतात तिला या भागात. ज्यांना जागा द्यायची नाही, त्यांना कुणी ती पाटी दाखवत नाही. “सोमवारी करारावर सही करू. करसल्लागारांना मी कळवते. खरं सांगायचं तर त्यांना दोन मुलगे आहेत, आणि एक ट्रम्पेट वाजवतो.”

बाहेर आल्यावर प्रणवने ओवीला उचलून गरकन फिरवलं. ज्ञानदा रडत होती की हसत होती, ते तिलाच कळत नव्हतं. “बाबा, तुम्ही ग्रेट आहात,” ती म्हणाली. “संध्याकाळी काय करू तुमच्यासाठी? पुरणपोळी?”

“नको,” दत्तात्रयराव म्हणाले, आणि तिघांना पुढे जाऊ देऊन मागून चालू लागले. मालिनीबाई त्यांच्या चालीने चालू लागल्या. पुरणपोळीला नको म्हणताना त्यांनी नवऱ्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

“अहो, काय झालं?”

“काही नाही.”

“जागा मिळाली ना लेकीला?”

“मिळाली.”

“मग?”

“पुण्याला नावं ठेवली आज,” दत्तात्रयराव म्हणाले. “परक्या बाईसमोर. केक खाऊन.”

“मग त्यात काय एवढं? रोज ठेवता. सकाळी पेपर उघडला की सुरू होता. रस्ते खणले, पाणी आलं नाही, त्या पीएमटीने पुन्हा धूर सोडला.”

“ते घरात. घरात ठेवणं वेगळं.”

मालिनीबाईंनी यावर काहीच टोमणा मारला नाही. थोडं चालल्यावर एवढंच म्हणाल्या, “तुळशीबाग मात्र हुबेहूब केलीत हो. मला तर वाटलं, आता मारवाड्याकडच्या वाती घेऊनच परतणार.”

“त्या बाईला आवडलंच होतं की गं. कपाटापर्यंत. डोळे पाहिलेस तिचे? नवऱ्याचीही आठवण आली असेल.”

“आली असेल. पण म्हणून ती त्याला वर भाड्याने ठेवणार नाही.”

कोपऱ्यावर पोचले तो सिग्नल लाल होता. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. मोटार नव्हती, सायकल नव्हती, कुत्रंही नव्हतं. प्रणव, ज्ञानदा आणि ओवी पांढऱ्या रेघेच्या अलीकडे एका ओळीत उभी होती, आणि पलीकडे एक म्हातारे गृहस्थ रिकाम्या रस्त्याकडे पाहत हातात पिशवी घेऊन उभे होते. दत्तात्रयराव मुलांच्या ओळीत जाऊन उभे राहिले. थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांच्या आत कुठेतरी तुळशीबागेच्या कोपऱ्यावरचा हॉर्न वाजला. त्यांनी कोटाची गुंडी सोडली, मान ताठ केली आणि लाल दिव्याकडे न बघता एक पाय रस्त्यावर ठेवला.

“बाबा!” प्रणव दबक्या आवाजात म्हणाला. मागच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर पडदा हलला होता. “सही सोमवारी आहे.”

दत्तात्रयरावांनी पायाकडे पाहिलं. पाय छान पडला होता. मग त्यांनी तो उचलून पुन्हा फुटपाथवर घेतला, आणि दिवा हिरवा व्हायची वाट पाहत उभे राहिले.